नळी का निघत नाही?

प्रश्न सिन्नरच्या एका ताईंचा आहे. वडील ६७ वर्षांचे, चाळीस वर्षं विडी, जुना दमा. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. थंडीत न्यूमोनिया झाला, नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर ठेवलं, आज अकरावा दिवस. आठव्या दिवशी नळी काढली होती, अठरा तासांनी परत घालावी लागली. परवा ‘ट्रायल’, म्हणजे मशिनच्या आधाराशिवाय श्वास घेऊन बघायची चाचणी, घेतली ती अर्ध्या तासात थांबवली. आता गळ्याला भोक पाडायला सही मागतायत. ताईंचे शब्द असे: ‘‘एक्स-रे सुधारला म्हणतात, ताप नाही म्हणतात, मग मशिन का काढत नाहीत? एकदा व्हेंटिलेटर लागला की माणूस परत येत नाही असं सगळे नातेवाईक सांगतात. की बिल वाढवायचं चाललंय?’’

ताई, मी नाशिकमध्येच बावीस वर्षं आयसीयूत काम करतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, कागद पाहिलेले नाहीत, तुमच्या डॉक्टरांना ओळखत नाही. त्यामुळे ‘काढा’ किंवा ‘काढू नका’ असं मी सांगणार नाही. लांबून असं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा जपूनच राहा. पण नळी का निघत नाही याचा विचार आम्ही खाटेशेजारी उभं राहून कसा करतो, ते सांगू शकतो. उद्याच्या व्हिजिटला काय विचारायचं ते त्यातून तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी ते ‘परत येत नाही’चं बघू. हे खरं नाही. ट्रायल घेण्याइतपत सुधारलेल्या दहा जणांपैकी सहा-सात जण पहिल्याच ट्रायलला सुटतात. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतला मजूर आठवतो. बागेतच जमिनीवर झोपलेला, रात्री मण्यार चावली, त्याला कळलंही नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या मिटायला लागल्या, मग श्वास. नळी घातली तेव्हा बोटसुद्धा हलत नव्हतं, पण मण्यारीच्या विषात डोकं शाबूत असतं. सगळं ऐकू येतं. आमची सिस्टर रोज सकाळी बोटाने त्याची पापणी वर करून सांगायची, ‘‘दादा, मी आलेय, आज मंगळवार.’’ सहाव्या दिवशी मान उचलायला लागला, एक ट्रायल घेतली, नळी काढली, दुसऱ्या दिवशी चहा प्याला. त्याचं फुप्फुस ठणठणीत होतं, फक्त स्नायू बंद पडले होते. विष उतरलं, काम झालं. तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे: फुप्फुस आधीच झिजलेलं आणि त्यावर न्यूमोनिया. म्हणून व्हेंटिलेटरवर किती दिवस झाले यापेक्षा तो कशासाठी लागला हे जास्त महत्त्वाचं.

आणि व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही, हेही लक्षात ठेवा. तो हवा ढकलतो, बस्स. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली तेव्हा पुरेशी यंत्रंच नव्हती. मेडिकलची पोरं पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, हाताने रबरी पिशवी दाबत बसली होती. आजचं महागडं यंत्र मुळात त्या पोरांचंच काम करतं. न्यूमोनिया बरा करायचं काम अँटिबायोटिक आणि तुमच्या वडिलांचं शरीर करतंय. तोवर श्वासाचं ओझं कुणीतरी उचलायला हवं. आता प्रश्न एवढाच, की ते ओझं परत त्यांच्या छातीवर कधी ठेवायचं.

आमच्यात या सगळ्याला ‘वीनिंग’ म्हणतात. मूळ अर्थ बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. मला हा शब्द कधीच आवडला नाही, कारण त्यातून वाटतं की सवय लागलेली असते आणि ती हळूहळू सोडवायची असते. माझ्या सीनियरांच्या पिढीने तसंच केलं. मशिनचे श्वास आज बारा, उद्या दहा, परवा आठ, असं उतरवत जायचं. १९९५ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी चार पद्धती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. ज्यांना रोज एकदा सरळ ‘घ्या, स्वतः श्वास घ्या’ म्हणून सोडून पाहिलं, ते हळूहळू श्वास कमी केलेल्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने सुटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ३०० रुग्णांवर आणखी एक साधी गोष्ट करून पाहिली. रोज सकाळी ठरलेल्या कसोट्या लावायच्या, जमेल त्याची ट्रायल घ्यायची आणि पास झाला तर डॉक्टरांना तसं कळवायचं. एवढ्यानेच व्हेंटिलेटरचा काळ सहा दिवसांवरून साडेचारवर आला. म्हणजे उरलेला दीड दिवस रुग्ण तयार होता आणि आमचं लक्ष नव्हतं. हे डॉक्टर म्हणून वाचायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

तेव्हा ताई, तुमचा पहिला प्रश्न ‘मशिन का काढत नाहीत’ यापेक्षा ‘तयार आहे का, हे शरीराला रोज विचारतायत का’ असा हवा. तुमच्या बाबतीत एकदा नळी काढून पाहिली, परवा पुन्हा ट्रायल घेतली, म्हणजे विचारतायत. मला ही चांगली खूण वाटते. मग पुढचा प्रश्न येतो, आणि खरा मुद्दा तोच आहे: त्या अर्ध्या तासात त्यांना कशाने अडवलं? ट्रायल फेल झाली म्हणजे रुग्ण नापास झाला असं नव्हे. शरीराने उत्तर दिलंय, ते वाचायचं असतं.

ट्रायल म्हणजे काय ते सांगतो, कारण नातेवाइकांना त्या वेळी बाहेर बसवतात आणि मग बाहेर नको त्या शंका येतात. आमच्याकडे सकाळी सहाला गुंगीचं औषध बंद होतं. साडेआठपर्यंत माणूस डोळे उघडून ‘हात दाबा’ म्हटलं की दाबायला हवा. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आसपास पुरत असावा, बीपीला औषधाचा मोठा टेकू नसावा, ज्या आजारासाठी नळी घातली तो ओसरलेला असावा. मग मशिनचा आधार अगदी नावापुरता ठेवतो किंवा मशिन काढून नळीला नुसता टी-पीस, म्हणजे ऑक्सिजनचा टी आकाराचा जोड, लावतो, आणि अर्धा तास बघतो. दोन तास बघून फार वेगळं काही कळत नाही, हे १९९९ मध्येच दिसलंय. अर्धा तास पुरतो. छातीचे आजार असलेल्यांना मी कधी कधी जास्त वेळ बघतो, तो माझा स्वभाव.

या अर्ध्या तासात नवीन शिकाऊ डॉक्टर मॉनिटरकडे बघतो, मी मानेकडे बघतो. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९४ असतं, सगळं हिरवं. पण कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा मानेचा स्नायू दोरीसारखा ताणलेला असतो, हाडाच्या वरची खळी प्रत्येक श्वासाला आत जाते, नाकपुड्या फुलतात, कपाळावर घामाचे थेंब येतात. सगळ्यात वाईट म्हणजे छाती वर येते तेव्हा पोट आत जातं. याचा अर्थ श्वासाचा मुख्य पडदा दमला. सॅच्युरेशन याच्या बरंच नंतर पडतं. ते पडायची वाट पाहिली तर रुग्णाचे दोन दिवस वाया जातात, कारण दमलेला स्नायू सावरायला एक दिवस तरी घेतो. आकडेही आहेत: श्वास मिनिटाला ३५ च्या वर टिकून राहिले, ठोके १४० च्या पुढे गेले, बीपी १८० च्या वर किंवा ९० च्या खाली गेलं, तर थांबायचं. एक छोटा हिशोबही आम्ही करतो, १९९१ पासून चालत आलेला. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासाची हवा लिटरमध्ये. ३० श्वास आणि ३०० मिली, म्हणजे ३० भागिले ०.३, आले १००. हा आकडा १०५ च्या वर असेल तर श्वास भरभर आणि उथळ चाललाय, नळी काढायची घाई नको. खाली असेल म्हणून लगेच काढायची असंही नाही.

आता अडवतं काय? सीओपीडीच्या माणसात मी पहिल्यांदा ज्या गोष्टीकडे बघतो ती आमच्याच हातून होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सुरगाण्याकडची एक आजी होती. विडीला कधी शिवली नसेल, पण पन्नास वर्षं चुलीपुढे बसलेली. आमच्याकडच्या बायकांचा सीओपीडी बहुतेक असाच असतो. निफाडचा पारा पाच-सहावर आला की आमच्या खाटा अशा आज्या-आजोबांनीच भरतात. मी तेव्हा नवखा होतो. रात्री नळी घातली, मशिन छान लावलं, सकाळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३८. पुस्तकात ४० लिहिलंय, मी खूश. तीन दिवस ते ३८-४० वर ठेवलं. चौथ्या दिवशी ट्रायल, वीस मिनिटांत आजी निळी-काळी. पाचव्या दिवशी तेच. एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, आजी जागी. मग सीनियरांनी तिची दोन वर्षांपूर्वीची फाइल मागवली. तिचा रोजचा कार्बन डायऑक्साइड, घरी भाकरी थापताना, ६० होता. एवढा वाढलेला वायू घेऊन ती जगत होती, कारण मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट साठवून त्याची आम्लता मारून ठेवली होती. ते ३३ होतं, पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता दाखवणारा आकडा, ७.३६, म्हणजे सुरळीत. मी तीन-चार दिवस वायू ३८ वर आणून ठेवला आणि मूत्रपिंडांनी, आता गरज नाही म्हणून, तो साठा लघवीवाटे टाकून दिला. बायकार्बोनेट आलं २४ वर. ट्रायलमध्ये आजी तिच्या नेहमीच्या ६० वर परत गेली, पण हाताशी साठा नाही. पीएच थेट ७.२२, म्हणजे रक्त आम्ल झालं. म्हणजे आजी नापास झाली नव्हती, मी तिची शिदोरी काढून घेतली होती. मशिनचा आधार कमी करून तिला तिच्या ५८-६० वर राहू दिलं, साठा भरू दिला, चार दिवसांनी ती सुटली.

म्हणून तुमच्या घरात वडिलांचा जुना एबीजी रिपोर्ट, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, असेल, मागच्या कुठल्या अ‍ॅडमिशनचा, तर तो शोधून उद्या घेऊन जा. त्या कागदाची किंमत आयसीयूत दहा नव्या तपासण्यांपेक्षा जास्त असू शकते. तो नसेल तर दाखल झाल्याच्या दिवशीच्या रक्तातल्या बायकार्बोनेटवरूनही अंदाज बांधता येतो. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

दुसरं कारण, वारंवार निसटणारं, हृदय. मशिन हवा ढकलतं तेव्हा छातीतला दाब वाढलेला असतो आणि त्याचा हृदयाला, विशेषतः डाव्या बाजूला, एक प्रकारे टेकूच असतो. टी-पीस लावला की तो टेकू एकदम जातो, शरीराकडून हृदयाकडे येणारं रक्तही वाढतं, आणि अशक्त हृदय त्याला पुरं पडत नाही. फुप्फुसात पाणी भरतं. बाहेरून दिसताना दमच लागलेला दिसतो. पण ट्रायलच्या आधी १३० असलेलं बीपी पंधराव्या मिनिटाला १९० झालं आणि नळीतून फेस आला, तर फुप्फुसाला दोष देऊ नका. अकरा दिवस सलाईन, इंजेक्शनं, नळीतून आहार, यात शरीरात तीन-चार लिटर पाणी जास्तीचं साठणं अगदी नेहमीचं. पाय सुजलेत का बघा. अशा कितीतरी रुग्णांना मी दोन दिवस नुसतं लघवीचं औषध देऊन पाणी उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी तीच ट्रायल पास झाली. ट्रायलच्या आधी आणि चालू असताना केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, इथे फार उपयोगाचा.

तिसरं, ताकद. २००८ मध्ये एक अभ्यास आला, तो वाचून आम्ही सगळेच हादरलो होतो. अवयवदात्यांच्या, म्हणजे मेंदूमृत माणसांच्या, श्वासाच्या पडद्याचे तुकडे तपासले. जेमतेम १८ ते ६९ तास मशिनवर होते, पडदा पूर्ण विश्रांतीत; तेवढ्यात त्याच्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याच्याही खाली आलं होतं. म्हणून ‘बाबांना आराम पडू दे, मशिनलाच श्वास घेऊ दे’ असं प्रेमाने म्हणू नका. शक्य तितकं त्यांनीच ओढायला हवं, फक्त दमेपर्यंत नाही. नळी असतानाच खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणं, खुर्चीत बसवणं, हे आता नेहमीचं झालंय. फिजिओथेरपिस्ट येतात का, बसवतात का, ते विचारा. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं का, तेही. फॉस्फेट बिचारं कायम विसरलं जातं.

आणि झोप. रात्री दिवे, अलार्म, दर दोन तासांनी टोचाटोची, त्यावर गुंगीची औषधं. दिवसा माणूस पेंगतो किंवा भलतंच काहीतरी बघून हात-पाय झाडतो. मग हात बांधतात, मग पुन्हा गुंगी. या चक्रातून श्वासाची ट्रायल कधी होतच नाही. गुंगी रोज सकाळी थांबवायची आणि त्यालाच जोडून ट्रायल घ्यायची, अशी जोडी लावली की माणसं लवकर सुटतात, हे २००८ पासून आम्हाला माहीत आहे. तरी अजून कितीतरी ठिकाणी रात्रपाळीला त्रास नको म्हणून गुंगीच्या औषधाचा पंप चालूच राहतो. माणसं कमी आहेत, मला कळतं. पण चूक ती चूकच.

आता ते अठरा तास. नळी काढण्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरचे लोक, खरं तर आम्हीही, ते एकत्र करून टाकतो. मशिनशिवाय श्वास पुरेल का, हा एक. नळीशिवाय घसा उघडा राहील का आणि कफ बाहेर टाकता येईल का, हा दुसरा. पहिल्यात पास होऊन दुसऱ्यात अडकणारे बरेच. त्यासाठी मी एक घरगुती वाटावी अशी परीक्षा घेतो: नळीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर पांढरं कागदी कार्ड धरतो आणि तीन-चारदा खोकायला सांगतो. कार्डावर ओलाव्याचे ठिपके आले तर जोर आहे. कोरडंच राहिलं तर ट्रायलचे आकडे कितीही सुंदर असोत, मी थांबतो. दर तासाला सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, लागत असेल तरी थांबतो. शिवाय नळीच्या घर्षणाने आतून सूज आलीय का, ते नळीभोवतालचा फुगा रिकामा करून, बाजूने हवा गळते का यावरून बघतात; गळत नसेल तर काही तास आधी स्टेरॉइड देतात.

एवढं करूनही शंभरातल्या दहा ते वीस जणांना नळी परत घालावी लागते. सगळीकडे. माझा तर असा अनुभव आहे की ज्या आयसीयूत नळी कधीच परत घालावी लागत नाही, तिथे ती गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवत असणार. त्यामुळे आठव्या दिवशीचा प्रयत्न फसला म्हणजे कुणी हलगर्जी केली असं लगेच धरू नका. फक्त विचारा, की त्या अठरा तासांत काय बिघडलं: कफ, घशाची सूज, की दम? उत्तर ठाम आलं तर समजा की बघणारा माणूस शेजारी होता.

मास्कबद्दलही विचारा. सीओपीडीच्या रुग्णाची नळी काढल्याबरोबर, दम लागायच्या आधीच, घट्ट मास्कचं मशिन आलटून-पालटून लावलं तर नळी परत घालण्याची वेळ कमी येते. पण आधी न लावता, धाप लागल्यावर तो लावून तासन् तास ‘बघू, बघू’ करत बसणं धोक्याचं आहे. मी हे केलंय. एका रुग्णाची नळी मी काढली होती आणि ती परत घालायला लागणं मला अपमानासारखं वाटत होतं. मास्कवर सहा तास ताणलं. नळी परत घातली तेव्हा हृदय थांबायच्या बेतात होतं. तो वाचला, पण पुढे तीन आठवडे गेले. त्या मानाने तुमच्या डॉक्टरांनी नळी वेळेत परत घातली असेल तर त्यात त्यांचा शहाणपणा आहे.

इथवर आलो तर थोडं गोळा करून घेऊ: वडिलांचा नेहमीचा कार्बन डायऑक्साइड किती, अंगात पाणी किती, ताकद किती, गुंगी किती, खोकला किती. अर्ध्या तासाच्या ट्रायलचं उत्तर या पाचांतच कुठेतरी असतं, बहुतेक वेळा दोन-तीन एकदम.

मग गळ्याचं भोक. ट्रॅकिओस्टॉमी हा शब्द ऐकला की आपल्याकडे घरात रडारड होते, जणू शेवटची सही. मला वाटतं यात आमचीही चूक आहे. आम्ही फॉर्म पुढे करतो, समजावत नाही. तोंडातली नळी दात, जीभ, स्वरयंत्र असं सगळं खेटून जाते. ती सहन व्हावी म्हणून गुंगी लागते. गळ्यातली छोटी नळी असेल तर गुंगी जवळजवळ लागत नाही, तोंड स्वच्छ ठेवता येतं, कफ काढायला सोपं, माणूस खुर्चीत बसतो, आणि मुख्य म्हणजे मशिन दिवसा दोन तास काढून रात्री परत लावता येतं. फसलं तर पुन्हा घशात नळी घालायचं संकट नाही. सीओपीडीच्या माणसाला हळूहळू तास वाढवायला ही सोय फार मोलाची. आवाज तात्पुरता जातो. नळीतला फुगा रिकामा करून विशिष्ट झडप लावली की बरेच जण नळी असतानाच बोलतात. काम झालं की नळी काढतात आणि भोक बहुतेकांचं काही दिवस-आठवड्यांत आपोआप बुजतं, व्रण राहतो. धोके आहेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर ती घाईची वेळ असते. तेव्हा करणाऱ्याचा हात आणि रात्री जवळ असणारी सिस्टर, दोन्ही बघा.

कधी करायचं, यावर वाद होता. ब्रिटनमध्ये नऊशेच्या वर रुग्णांवर पाहिलं: काहींना पहिल्या चार दिवसांत, काहींना दहा दिवसांनंतर लागलं तरच. २०१३ मध्ये निकाल आला. मृत्यूंमध्ये फरक नाही. आणि गंमत म्हणजे थांबलेल्या गटात निम्म्याहून जास्त लोकांना ते करावंच लागलं नाही. म्हणून चौथ्या दिवशी कुणी घाई केली असती तर मी म्हटलं असतं, थांबा. पण अकरावा दिवस, एकदा नळी परत गेलेली, एक ट्रायल फसलेली, जुनं फुप्फुस. इथे मी असतो तरी हा विषय काढला असता. अजून दोन-तीन दिवस पाणी उतरवून, गुंगी थांबवून एक प्रयत्न करायचा असं त्यांनी म्हटलं तरी तेही चूक नाही. हे खरोखर रुग्णावर अवलंबून आहे.

बिलाचं. सरळ बोलतो. आयसीयूचा प्रत्येक दिवस महाग आहे आणि खासगी क्षेत्रात गैरप्रकार होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बिलाच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. रोज सकाळी गुंगी थांबते का, ट्रायल होते का, आणि नाही झाली तर ‘आज का नाही’ याचं कारण कुणी एका वाक्यात सांगतं का, यावरून ओळखता येतं. लागोपाठ तीन दिवस नुसतं ‘कंडिशन क्रिटिकल आहे, बघू’ एवढंच ऐकलंत तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागा. तो तुमचा हक्क आहे, चांगला डॉक्टर रागावत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आजच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. आणि रुग्णाला दुसरीकडे हलवायचा विचार असेल तर व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अ‍ॅम्ब्युलन्समधून नेणं हाच एक मोठा धोका आहे, तो बिलाच्या फरकात धरा.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. काही फुप्फुसं इतकी संपलेली असतात की माणूस मशिनवरून पूर्ण सुटत नाही. मग घरी मास्कचं मशिन, किंवा नळी परत न घालण्याचा निर्णय, असे विषय येतात. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केलाय आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केलीय. तुम्ही तिथे आहात असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. पण आजाराच्या आधी वडील घरात किती चालत होते, अंघोळ स्वतः करत होते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते आकड्यांत कुठेच नसतं, आणि पुढचा अंदाज बराचसा त्यावरच असतो.

शेवटी एक किस्सा, कारण तो अजून मला टोचतो. पंचवटीतले एक निवृत्त मास्तर, चार दिवस आमच्या फाइलीत रोज लिहिलेलं: ‘सूचना पाळत नाहीत’. हात दाबा म्हटलं तर दाबत नव्हते, डोळे नुसते भिरभिर. डोक्याचा सीटी झाला, नॉर्मल. ट्रायल घेतली नाही, ते पुरते जागे नाहीत म्हणून. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी पर्समधून पाकीट काढून म्हणाल्या, ‘‘यांचं कानाचं मशिन इथे चालतं का हो?’’ ते कानात घातलं, मी ‘हात दाबा’ म्हटलं, तर मास्तरांनी माझी बोटं अशी दाबली की दुखली. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. तुमच्या बाबांचा चष्मा, कानाचं मशिन, असं काही घरी राहिलंय का बघा.